अठ्ठावीस नॉट

विमानवाहू विराटच्या बॉयलर रूममधून समुद्र दिसत नसे. जहाज किती वेगात आहे हे कळायचं ते पायाखालच्या चेकर प्लेटमधून. १२ नॉटांना पत्रा नुसता गुणगुणतो. २० ओलांडले की कठड्याला अडकवलेल्या मगांचे कान एकमेकांवर वाजू लागतात. २५ च्या पुढे थरथर टाचांतून गुडघ्यांत आणि गुडघ्यांतून दाढांत चढते. वरच्या डेकवरच्या माणसाला वेग म्हणजे वारा आणि फेस. आम्हा खालच्यांना वेग म्हणजे लोखंडाचा आवाज.

भाचा विचारतो, “मामा, विराट किती पळायची?” मी सांगतो, २८ नॉट. ताशी ५२ किलोमीटर. ऐकून त्याचा चेहरा पडतो. हायवेवर एसटीसुद्धा याहून जोरात जाते, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं. मग मी त्याला खाली बसवतो, कारण हे दोन वाक्यांत सांगून संपत नाही.

विराटचं पूर्ण भारासह वजन २८ हजार टनांच्या वर, लांबी २२६ मीटर. पाण्यात जहाज ढकलणारे दोन पंखे, चार बॉयलर, ७६ हजार अश्वशक्ती. ही सगळी ताकद शेवटच्या काही नॉटांसाठी असते. पाण्यातला हिशेब क्रूर आहे: वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. म्हणजे १४ नॉटांनी जाताना जहाज आपल्या ताकदीच्या आठव्या हिश्श्यावर आरामात चालतं आणि उरलेले सात हिस्से पुढच्या १४ नॉटांत जळून जातात. फर्नेस ऑइलच्या टाक्यांची पातळी मोजणाऱ्याला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. फुल पॉवर ट्रायलच्या दिवशी त्याची मोजपट्टीच बोलते.

मग एवढा वेग हवा कशाला? विमानांसाठी. विमान उडवायचं तर डेकवर समोरून वारा लागतो. वारा पडलेला असेल तर जहाजाने स्वतः धावून तो तयार करायचा. १९७१ च्या डिसेंबरातल्या युद्धात जुन्या विमानवाहू विक्रांतवर हाच पेच होता. तिच्या चारपैकी एका बॉयलरच्या ड्रमला तडे गेले होते, त्यामुळे वेगावर बंधन आलं होतं. तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. त्या बॉयलर रूममधल्या माणसांचा मला फार आदर वाटतो. तडा गेलेल्या ड्रमशेजारी उभं राहून वाफ धरून ठेवणं म्हणजे काय, हे वाफेवर काम केलेल्यालाच कळतं.

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे बघण्याची. ब्रिजवरून वेग वाढवायचा हुकूम आला की टर्बाइनवाला थ्रॉटलचं चाक उघडतो. बॉयलरमधली वाफ एकदम ओढली जाते, दाब उतरतो आणि काचेतलं पाणी वर चढतं. नवशिक्याला वाटतं पाणी जास्त झालं. तो फीड, म्हणजे आत येणारं पाणी, कमी करतो आणि तिथेच फसतो. दाब उतरल्यामुळे पाणी फक्त फुगलेलं असतं. थोड्या वेळाने तेच पाणी झपाट्याने खाली जातं. पाणी फार खाली गेलं तर नळ्या जळतात, फार वर गेलं तर ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाऊन पाती तोडतं. या दोन्हींच्या मधे बोटभर जागा असते आणि चार तासांच्या वॉचमध्ये माणसाचे डोळे तिथेच खिळलेले असतात.

त्याच वेळी स्प्रेअरवाला तेल फवारणारा एकेक स्प्रेअर पेटवत असतो, हवेचे पंखे चढवले जातात. हवा कमी पडली तर चिमणीतून काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. काळा धूर निघाला की ब्रिजवरून फोन आलाच म्हणून समजा. उष्णतेचं काय सांगू? बॉयलर सूटच्या खिशातलं पाकीट भिजून लगदा व्हायचं. मिठाच्या गोळ्या आणि लिंबू सरबत यांवर वॉच निघायचा.

कागदावरचे २८ नॉट आणि अरबी समुद्रातले २८ नॉट एक नव्हेत, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. हे जहाज बांधलं गेलं इंग्लंडच्या बॅरो बंदरात आणि १९५९ मध्ये ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झालं. १९८७ च्या मे महिन्यात ते आपल्या नौदलात दाखल झालं. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होते आणि तिथे निर्वात तयार होतो. पाणी जितकं थंड, तितका निर्वात चांगला, तितका टर्बाइनला जोर. उत्तरेच्या गार पाण्यासाठी घडवलेलं यंत्र मे महिन्यात ३० अंशांचं पाणी पिऊ लागलं की धापा टाकणारच. त्यात मुंबईच्या गोदीत काही महिने उभं राहिलं की तळाला शेवाळ आणि कालवं. तासून साफ केलेलं जहाज आणि कालवं चिकटलेलं जहाज यांतला फरक आम्हाला खाली बसून कळायचा. पंख्याचे तेच फेरे, तेवढंच तेल आणि वेग कमी. माझे वडील देवगडला होडी ओढून तळ खरवडायचे ते याच कारणाने. मापं बदलली, दर्या तोच.

आता नवी जहाजं गॅस टर्बाइनवर चालतात. गोव्याच्या मुरगाव बंदराचं नाव घेतलेली ‘मोरमुगाव’ ही विनाशिका माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीला ६० वर्षं झाली त्याच दिवशी, पहिल्यांदा चाचणीसाठी समुद्रात धावली. तिचा वेग ३० नॉटांच्या वर. आमच्या बॉयलरला थंड अवस्थेतून वाफ धरायला तास न् तास लागायचे, तिची यंत्रं काही मिनिटांत तयार होतात. पण तिच्यापुढेही एक भिंत आहेच. चालतं जहाज स्वतःची लाट उठवतं आणि त्या लाटेची लांबी वेगावर ठरते. ३० नॉटांना ती सुमारे १५० मीटर भरते. मोरमुगाव १६३ मीटर लांब. म्हणजे नाळ एका लाटेच्या माथ्यावर आणि पिछाडी जवळपास पुढच्या माथ्यावर. याहून जोरात जायचं तर लाट जहाजापेक्षा लांब होते, पिछाडी खळग्यात बसते आणि जहाज स्वतःच उठवलेल्या टेकडीवर चढत राहतं. विराट २२६ मीटर लांब असल्यामुळे या भिंतीपासून बरीच दूर होती. तिला अडवलं ते बॉयलरांनी.

वळण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते जहाजाची खरी ओळख तिथेच पटते. काही वेळा मी टिलर फ्लॅटमध्ये बसलो आहे. अगदी मागे, पाण्याच्या पातळीखाली, सुकाणूच्या दांड्याशेजारी. वर ब्रिजवर चाक फिरलं की इथे मांडीएवढे जाड पिस्टन सरकतात. जहाज लगेच वळत नाही. आधी किंचित वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं, मग पिछाडी बाहेर घसरते आणि सगळं जहाज बाहेरच्या अंगाला कलतं. वळणाचा केंद्रबिंदू नाळेकडे असतो, त्यामुळे वळतं तोंड आणि झाडू फिरावी तशी फिरते पिछाडी. टिलर फ्लॅटमधला माणूस अक्षरशः आडवा ओढला जातो. जोराचं वळण असेल तर गॅलीला आधी निरोप जायचा. डाळीचे टोप बांधून ठेवायला.

एवढ्या जहाजाला पूर्ण उलट दिशेला वळायला जवळपास एक किलोमीटर रुंदीची जागा लागते आणि तेवढ्यात त्याचा बराच वेग मरतो. विमानवाहू जहाजाच्या मागेपुढे धावणाऱ्या लहान जहाजांनी हे विसरून चालत नाही. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री ऑस्ट्रेलियाची विनाशिका ‘व्हॉयेजर’ विमानवाहू ‘मेलबर्न’च्या नाळेसमोर वळली आणि मधोमध कापली गेली. ८२ माणसं गेली. मेलबर्न ही आपल्या जुन्या विक्रांतच्याच घडणीची. त्या रात्री तिच्या इंजिन रूममध्ये ‘फुल अस्टर्न’चा, म्हणजे पूर्ण ताकदीने मागे जाण्याचा, हुकूम आला असणार. तो हातात पडल्यावर काय करता येतं हे मला माहीत आहे. पुढचा थ्रॉटल बंद करायचा, मागचा उघडायचा. पण पंखा पाण्याच्या ओढीने फिरतच राहतो. आधी वाफेने त्याला थांबवायचं, मग उलटं फिरवायचं, आणि उलट्या टर्बाइनची ताकद पुढच्यापेक्षा फारच कमी. फेऱ्यांच्या गेजचा काटा शून्याकडे येईपर्यंतचे ते क्षण फार लांब असतात.

सगळ्यात जास्त घाम मात्र मला सगळ्यात कमी वेगाला फुटायचा. मुंबई बंदरात शिरताना. भरतीची वेळ धरून जहाज आत येतं. पाणी उथळ झालं की तळाखालून ते नीट वाहत नाही, जहाज थोडं खाली बसतं, सुकाणू जड होतं. टगबोटी पोटाला डोकं लावून ढकलत असतात आणि ब्रिजचे हुकूम खाली आणणारा टेलिग्राफ सतत वाजतो. डेड स्लो अहेड. स्टॉप. स्लो अस्टर्न. स्टॉप. प्रत्येक घंटेला थ्रॉटल, प्रत्येक थ्रॉटलला बॉयलरचं पाणी वरखाली. २८ हजार टन, चालत्या माणसाहून हळू, आणि धक्क्याचा दगड वाटेत.

मग शेवटचा हुकूम येतो: फिनिश्ड विथ मेन इंजिन्स. वरची माणसं पांढऱ्या कपड्यांत शिडी उतरून चर्चगेटची लोकल पकडायला निघतात. खाली आम्ही टर्निंग गिअर लावतो. तापलेला टर्बाइनचा रोटर एका जागी थांबला तर असमान निवून वाकतो, म्हणून तो पूर्ण निवेपर्यंत एका लहानशा मोटरने फिरवत ठेवायचा. त्याच्याबरोबर शाफ्ट फिरतो, शाफ्टबरोबर पंखा. दोरांनी धक्क्याला बांधलेलं जहाज गोदीच्या गढूळ पाण्यात आपला पंखा इतका सावकाश फिरवत असतं की शाफ्टवर खडूने काढलेली रेघ डोळ्यांसमोरून जाऊन परत यायला मिनिटं लागतात. मी ती रेघ मोजत बसायचो.