दारिद्र्यनिवारणात बाजारपेठेचे स्थान

व्यापार व उद्योग हे मुख्यतः तीन मार्गांनी गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढवितात : रोजगार, मालाला मिळणारा भाव आणि मालमत्तेच्या मूल्यातील वाढ. मात्र हा लाभ त्या कुटुंबांजवळ जमीन, कौशल्य वा भांडवल किती आहे आणि योग्य भाव येईपर्यंत थांबण्याची त्यांची ऐपत कितपत आहे, यांवर अवलंबून असतो. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका हे याचे बोलके उदाहरण होय.

पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी केंद्र असून तेथे १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. भातशेती, मिठागरे व मासेमारी ही परिसरातील उपजीविकेची पारंपरिक साधने होत. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाच्या कक्षेत आली. मोबदला शेतजमिनीच्या हिशेबाने ठरे. तीच जमीन पुढे नागरी भूखंड म्हणून विकली जाई, तेव्हा वाढलेल्या मूल्यात मूळ धारकास वाटा नसे. याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले.

पुढे १९९० मध्ये संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकास देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. सार्वजनिक सुविधांसाठीची वजावट जाता प्रत्यक्षात ८.७५ टक्के क्षेत्र, म्हणजे एका एकरामागे (सु. ४,०४७ चौ. मी.) सु. ३५४ चौ. मी. भूखंड, हाती येतो. अशा रीतीने शेतकरी केवळ जमीन गमावणारा न राहता नागरी बाजारपेठेतील भागीदार ठरला. नवी मुंबई विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरविण्यात आले. तथापि भूखंड हाती येण्यास विलंब लागल्यास गरजू कुटुंब आपला हक्क आधीच स्वस्तात विकून टाकते आणि पुढील मूल्यवाढ खरेदीदाराच्या पदरी पडते. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्या मजुरांचा वाटा तर अल्पच राहिला.

भूमिहीनांच्या दृष्टीने कौशल्य हीच मालमत्ता ठरते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या यूसुफ मेहेरअली सेंटरने तालुक्यातील तारा येथे तेलघाणी, साबण, कुंभारकाम यांसारख्या ग्रामोद्योगांतून स्थानिक रोजगार निर्माण केला. अशा उद्योगांचा विस्तार मर्यादित असतो. कारखान्यांच्या मालाशी त्यांना किमतीत स्पर्धा करावी लागते. म्हणून बाजारपेठेची वाढ ही दारिद्र्यनिवारणास आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. वाढलेल्या मूल्यात गरिबांचा हक्काचा वाटा आधीच निश्चित व्हावा लागतो.