पहिल्या धारेचं पाणी

नळाच्या पाण्यात शिसं किती, या प्रश्नाचं उत्तर ते पाणी कोणी, कधी आणि कशा बाटलीत भरलं यावर बरंचसं ठरतं. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी पहिल्या धारेचं पाणी घेतलं तर एक आकडा येतो. आदल्या रात्री पाच मिनिटं नळ सोडून पाईप धुऊन काढले, नळाच्या तोंडची जाळी काढून ठेवली आणि सकाळी बारीक धारेनं बाटली भरली, तर त्याच घरातल्या त्याच नळाला पुष्कळ कमी आकडा येऊ शकतो. प्रयोगशाळेतलं यंत्र दोन्ही वेळा खरंच बोलतं. खोटं बोलायचं काम त्याआधीच उरकलेलं असतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या दोन आकड्यांच्या भांडणात गेला. पर्यावरण अभियांत्रिकी म्हटलं की आपल्याला वृक्षारोपण आणि हवामानबदलावरची भाषणं आठवतात. प्रत्यक्षात हा विषय सिव्हिलच्या पोटातून निघालेला आणि सांडपाणी, गाळ, क्लोरीन, पाईप यांत रमणारा. एडवर्ड्स यांनी बफेलोला जैवभौतिकीची पदवी घेतली, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पीएच.डी. केली, काही वर्षं कोलोरॅडोत शिकवलं आणि १९९७ मध्ये ते ब्लॅक्सबर्ग या छोट्या गावातल्या व्हर्जिनिया टेकमध्ये आले. लोहाचे क्षार घालून पाण्यातलं आर्सेनिक कसं काढायचं, यावर त्यांनी आधीच काम केलं होतं. पुढे तांब्याच्या पाईपांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं का पडतात, याच्या ते मागे लागले. शोधनिबंध, निधी, विद्यार्थी, बढती असं सगळं रीतसर चाललं होतं.

ही भोकंच त्यांना २००३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या घरांत घेऊन गेली. केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, एका उपकंत्राटाखाली ते तिथल्या गळक्या पाईपांचा अभ्यास करत होते. जाता जाता एका घरातल्या पाण्यात शिसं किती तेही पाहिलं, तर यंत्राची मर्यादाच संपली. नमुना दहापट पातळ करून मोजला तेव्हा आकडा १,२५० पीपीबीच्या घरात निघाला. एक पीपीबी म्हणजे ढोबळमानानं एका लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. अमेरिकेत तेव्हा १५ पीपीबीला यंत्रणेनं हालचाल करावी असा नियम होता. या १५ ला सुरक्षित पातळी म्हणता येत नाही, ती कारवाईची रेषा होती. लहान मुलाच्या मेंदूला चालेल अशी शिशाची मात्रा अजून कोणाला सापडलेली नाही.

हे शिसं आलं कुठून? वॉशिंग्टनच्या जुन्या वस्त्यांत रस्त्यातल्या मोठ्या नळापासून घरापर्यंतची जोडणी शिशाच्या पाईपांची होती. पण ती तर कित्येक दशकं तिथेच होती. बदललं होतं ते पाण्यात घालायचं जंतुनाशक. नदीच्या पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक संयुगं बनतात. त्यांच्यावरचे नियम कडक झाल्यावर नोव्हेंबर २००० मध्ये शहरानं क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली. कागदावर निर्णय शहाणपणाचा होता.

पाईपाच्या आतल्या भिंतीवर मात्र वेगळाच कारभार चालू होता. क्लोरीन हे जोरकस ऑक्सिडीकारक. त्याच्या सहवासात वर्षानुवर्षं राहून शिशाच्या पाईपावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर बसला होता. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या धन पट्टीवर असतो तोच पदार्थ. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे आतलं शिसं कोंडलेलं राहिलं. क्लोरामाइनमध्ये तेवढा जोर नाही. ते आल्यावर हा थर टिकेना, शिशाचं रूप बदलून त्याची विरघळणारी संयुगं होऊ लागली आणि ती थेट स्वयंपाकघरातल्या नळाला आली. आगीतून उठून फुफाट्यात पडावं तसं शहराचं झालं. जंतुनाशक बदलणाऱ्यांनी नदीच्या पाण्याचा हिशेब केला होता, पाईपातल्या थराचा केलाच नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालायला लागले, तेव्हा पाईपांवर नवा राखणदार थर बसू लागला आणि आकडे उतरणीला लागले.

रसायनशास्त्र एवढ्यावर मिटलं. पुढचं मिटायला सहा वर्षं लागली. एडवर्ड्स घरमालकांशी परस्पर बोलतात, हे पाणीपुरवठा यंत्रणेला पसंत नव्हतं. ईपीएचं उपकंत्राट बंद झालं. त्यांनी विद्यार्थ्यांचे पगार स्वतःच्या खिशातून चालू ठेवले. ३१ जानेवारी २००४ ला ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं पहिल्या पानावर छापलं, की तपासलेल्या सुमारे सहा हजार घरांपैकी चार हजारांहून अधिक घरांत पाण्यातलं शिसं १५ च्या रेषेच्या वर आहे. शहरात गदारोळ झाला. दोन महिन्यांत रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, अहवाल आला. पाण्यात ३०० पीपीबीच्या वर शिसं असलेल्या घरांतल्या २०१ जणांचं रक्त तपासलं, एकाच्याही रक्तात चिंताजनक पातळी नाही, असं त्यात होतं. देशभरच्या पाणी अधिकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढे कित्येक वर्षं हाच अहवाल तोंडावर फेकला.

एडवर्ड्स यांना तो पटेना. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि सर्वांत कंटाळवाणाही हाच. माहिती अधिकाराच्या अर्जांमागून अर्ज, हरवलेल्या नोंदींचा माग, तेच तक्ते पुन्हा पुन्हा. त्यातून दिसलं ते असं: रक्त तपासलेल्या त्या लोकांपैकी अनेकांनी तोवर नळाचं पाणी पिणं सोडलं होतं, आणि रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरू लागतं. ज्या २००३ मध्ये पाणी सर्वांत वाईट होतं, त्या वर्षीच्या हजारो रक्तचाचण्यांच्या नोंदीच हिशेबात नव्हत्या. शिवाय खरा धोका होता तो बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना. पावडरचं दूध नळाच्या पाण्यात कालवलं, की बाळाच्या पोटात दुसरं काही जातच नाही. २००९ मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’त निबंध छापला. साधारण सव्वा वर्षापर्यंतच्या मुलांत रक्तातलं शिसं वाढल्याचं प्रमाण २००० च्या तुलनेत २००१ ते २००३ या काळात चौपटीहून वर गेलं होतं. २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी अहवालानं सीडीसीच्या कामातल्या चुका उघड मांडल्या. मधल्या काळात, २००७ मध्ये, एडवर्ड्स यांना मॅकआर्थर फेलोशिपचे पाच लाख डॉलर मिळाले होते. खिसा रिकामा करून संशोधन करणाऱ्याला ते वेळेवर मिळाले म्हणायचे.

मग फ्लिंट. मिशिगनमधलं हे डबघाईला आलेलं मोटारींचं शहर. पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून तिथे फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं. त्यात क्लोराइड जास्त होतं, म्हणजे धातू खाण्याची खोड जास्त. आणि पाईप सांभाळणारं ऑर्थोफॉस्फेट घातलंच गेलं नाही. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सनं इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी नाकारलं. माणसांना ते आणखी वर्षभर पाजलं गेलं. कारखान्याच्या यंत्रांना जी दाद मिळाली, ती लोकांना मिळवता आली नाही, याहून बोचरं काही या प्रकरणात मला सापडलेलं नाही.

लीअ‍ॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या नळाला पालिकेच्याच चाचणीत १०४ आणि नंतर ३९७ पीपीबी आलं. ईपीएमधल्या मिगेल डेल टोरल या अधिकाऱ्यामार्फत त्या एडवर्ड्सपर्यंत पोचल्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे बाईंनी ३० नमुने भरून पाठवले. सर्वांत कमी २१७, सरासरी दोन हजारांच्या वर, सर्वांत जास्त १३,२००. अमेरिकेत ५,००० च्या पुढचं द्रव घातक कचऱ्यात मोडतं.

ऑगस्ट २०१५ मध्ये एडवर्ड्स विद्यार्थ्यांसह गाडीनं फ्लिंटला गेले. त्या चमूत सिद्धार्थ रॉय हा भारतातून पीएच.डी.साठी गेलेला विद्यार्थीही होता. सुमारे ३०० संच वाटले. प्रत्येक संचात तीन बाटल्या. पहिली एक लिटरची: किमान सहा तास कोणी नळ उघडायचा नाही, मग पहिली धार हिच्यात. दुसरी अर्ध्या लिटरची: नळ ४५ सेकंद वाहू द्यायचा आणि मग भरायची. तिसरी छोटी, १२५ मिलिलिटरची: दोन मिनिटं वाहिल्यावर. या तीन बाटल्यांत एका घरामागचा अख्खा पाईप टप्प्याटप्प्यानं उतरतो. नळाची तोटी आणि जवळचे सांधे पहिल्या बाटलीत, भिंतीतला आणि अंगणाखालचा पाईप दुसरीत, रस्त्यातलं पाणी तिसरीत. शिसं कोणत्या टप्प्यावर मिसळतंय ते कळतं. पाणी नदीतच खराब होतं की नळापर्यंत येताना होतं, हा वाद मग उरत नाही.

बाटल्या भरल्या, गोळा केल्या त्या गावकऱ्यांनीच. तीनशेपैकी अडीचशेहून जास्त संच परत आले, आणि ही टक्केवारी कुठल्याही सर्वेक्षणवाल्याला हेवा वाटावा अशी. घरं आकड्यांच्या चढत्या क्रमानं लावली तर नव्वद टक्क्यांच्या जागी येणारं मूल्य २५ पीपीबीच्या वर होतं. याच मूल्यावर नियम चालतो. सरकारी चाचणीत ते ११ दाखवलं होतं. कसं? जमवलेल्या ७१ नमुन्यांतून दोन वगळले. ते धरले असते तर आकडा १५ च्या वर जात होता. वगळलेल्यांतला एक वॉल्टर्सबाईंच्या घरचा. शिवाय लोकांना दिलेल्या सूचनेत आदल्या रात्री नळ सोडायला सांगितलं होतं, आणि बाटल्या अरुंद तोंडाच्या होत्या. अशी बाटली भरायची तर धार बारीक सोडावी लागते, आणि बारीक धारेत पाईपाला चिकटलेले शिशाचे कण सुटून येत नाहीत. बाटलीचं तोंड इतक्या कामाचं असतं हे मला तरी या प्रकरणापर्यंत ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरअखेर बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्ताचे आकडे जाहीर केले. वाढीव शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. १६ ऑक्टोबरला फ्लिंट पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. (आपण निर्धास्त राहावं असं मात्र नाही. आपल्याकडे पीव्हीसी पाईप टिकाऊ करायला शिशाची संयुगं वापरली जायची. ती हटवण्याचे नियम केंद्रानं २०२१ मध्ये काढले. त्याआधी बसवलेले पाईप अर्थातच भिंतींत आहेत.)

नंतर एडवर्ड्स यांना पुरस्कार मिळाले, संसदीय समित्यांपुढे साक्षी झाल्या, राज्यपालांच्या समितीत नेमणूक झाली. पण मला जास्त लक्षणीय वाटतो तो एडवर्ड्स आणि रॉय यांचा २०१७ मधला निबंध, पाण्यावर नसून प्राध्यापकीवर लिहिलेला. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती दिली तर एकाच कामाचे पाच तुकडे होऊन पाच निबंध निघतात. उद्धरणांवर दिली तर परीक्षक आपलेच निबंध उद्धृत करायला लावतात. निधीवर दिली तर निष्कर्ष फुगवले जातात. जे मोजाल त्याचंच पीक येतं, हा मुद्दा. आपल्याकडे एपीआयच्या, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या, गुणांचे तक्ते भरलेल्या प्राध्यापकांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. वॉशिंग्टनमधली सहा वर्षं या तराजूत घातली, तर पारडं फारसं हलणार नाही.

गोष्ट इथे गोड होत नाही. फ्लिंटचं पाणी सुधारतंय, असं एडवर्ड्स सांगू लागले तेव्हा ज्यांनी आधी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांच्यातलेच काही बिथरले. २०१८ मध्ये कार्यकर्त्यांनी त्यांच्याविरुद्ध जाहीर पत्र काढलं. एडवर्ड्स यांनी तिघांवर ३० लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्या तिघांतली एक अशी, जिच्यासोबत त्यांनी व्हर्जिनिया टेकमध्ये लोकांचं ऐकायला शिकवणारा अभियांत्रिकी नीतीचा अभ्यासक्रम शिकवला होता. २०१९ मध्ये न्यायालयानं दावा फेटाळला. सरकारी खात्यांशी भांडताना जो चिवटपणा उपयोगी पडला, तोच इथे त्यांच्यावर उलटला, असं मला वाटतं. आकडे सुधारले हे खरं होतं, पण दीड वर्ष खोटे आकडे ऐकलेल्या माणसानं ते का मानावेत, याला बाटलीत उत्तर नव्हतं.

नियम मात्र बदलले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ईपीएनं पत्रक काढलं: आदल्या रात्री नळ सोडायला सांगू नका, जाळी काढायला सांगू नका, बाटल्या रुंद तोंडाच्या द्या. नंतरच्या सुधारणांत आणखी एक कलम आलं. घराची जोडणी शिशाची असेल तर पहिल्या धारेवर भागत नाही, कारण त्या पाईपात रात्रभर मुरलेलं पाणी नळापर्यंत यायला अवकाश लागतो. म्हणून नळ बंद न करता एकामागून एक पाच लिटर भरायचे आणि पाचवा तपासायचा. ऑक्टोबर २०२४ च्या नियमात पहिला आणि पाचवा यांतला जो जास्त असेल तो धरायचा असं ठरलं, कारवाईची रेषा १५ वरून १० वर आली आणि शिशाच्या जोडण्या काढायला बहुतेक शहरांना दहा वर्षांची मुदत दिली गेली.