केंद्र धारवाडचे, काळजी आपलीही

खानापूर, हल्याळ, बेळगाव या पट्ट्यातल्या खेड्यांत रेडिओ कधी एकाच भाषेत बोलला नाही. पहाटे गोठ्यात धारा काढताना सांगलीची मराठी लागायची. काटा जरा सरकवला की पणजीची कोकणी-मराठी आणि आणखी सरकवला की धारवाडची कानडी. घरातल्या म्हाताऱ्यांना तिन्ही कळत. ओव्या-अभंग सांगलीचे ऐकायचे, पण पावसाचा अंदाज आणि हुबळीच्या मार्केट यार्डातला कापसा-मिरचीचा भाव धारवाडचा ऐकायचा, हा आमच्याकडचा रिवाज. भाव सांगणारा कानडीत बोलतो म्हणून कुणी रेडिओ बंद केल्याचे आम्हाला आठवत नाही.

त्याच धारवाड केंद्राचे पुढे काय होणार, ही कुजबुज अधूनमधून कानावर येते. केंद्राला कुलूप लागणार, नाहीतर ते नुसते बंगळूरचा कार्यक्रम पुढे ढकलणारे ठाणे होणार, अशा धाटणीची ती असते. २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात कर्नाटकातील आकाशवाणी केंद्रांबद्दल अशा बातम्या वृत्तपत्रांतून झळकल्या, तेव्हा प्रसार भारतीला जाहीर खुलासा करावा लागला की कोणतेही केंद्र बंद होणार नाही वा त्याचा दर्जा कमी होणार नाही. खुलासा झाला ते बरेच झाले. पण आग नसताना धूर इतक्या वेळा का निघतो, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, धारवाड केंद्र कानड्यांचे, त्याची चिंता मराठी माणसाने कशाला वाहावी? आम्ही उलट म्हणतो, ती आपणच अधिक वाहिली पाहिजे. का, ते सांगतो.

धारवाड आकाशवाणी सुरू झाली ८ जानेवारी १९५० रोजी. तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण केंद्र जागचे हलले नाही. त्याच १९५६ साली या केंद्राचे सल्लागार म्हणून आले द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, कविता कानडी आणि त्याआधी बारा वर्षे सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापन. पुढे १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. मल्लिकार्जुन मन्सूर याच केंद्राचे संगीत सल्लागार होते. हुबळीच्या गंगूबाई हनगल ज्यांच्याकडे शिकल्या ते सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि त्यांनी नाव कमावले मराठी संगीत रंगभूमीवर. धारवाडच्या या मातीतले गाणे आणि बोलणे दोन भाषांच्या बांधावर वाढलेले आहे. राज्याची हद्द जमिनीवर आखता येते. ध्वनिलहरींना चेकपोस्ट नसतो.

आता कारभाराकडे वळू. रेडिओच्या चालकांची उलथापालथ आजची नव्हे, ती त्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने केंद्र उघडले. तीन वर्षे पुरी व्हायच्या आत, १९३० च्या मार्चमध्ये, कंपनी बुडाली. सरकारने ती चालवायला घेतली आणि १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये खर्च परवडत नाही म्हणून बंद करण्याचे जाहीर केले. श्रोत्यांनी आणि रेडिओ विक्रेत्यांनी एवढा गिल्ला केला की सरकारला माघार घ्यावी लागली आणि १९३२ च्या मे महिन्यात सेवा कायम चालू ठेवण्याचे ठरले. म्हणजे आज आपण जिला आकाशवाणी म्हणतो ती एकदा बंद होता होता वाचली, आणि वाचवली ती ऐकणाऱ्यांनी.

'आकाशवाणी' हे नावही कर्नाटकातलेच. १९३५ साली म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून एक छोटे केंद्र चालवले आणि त्याला हे नाव दिले. एकट्या माणसाला असा खर्च किती दिवस पेलणार? १९४२ मध्ये ते म्हैसूर संस्थानाने घेतले, आणि १९५५ मध्ये केंद्र बंगळूरला गेले. नाव देशभर झाले, पण म्हैसूरचे केंद्र मात्र राजधानीला गेले. हा धडा धारवाडने आणि आपणही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वरच्या खुर्चीतला माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. पण सिनेमाची गाणी त्यांना रुचेनात आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काय करणार? काटा फिरवून ते रेडिओ सिलोनला गेले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोता पत्र लिहून भांडला नाही, तरी त्याने कान वळवले आणि दिल्लीला ते ऐकावे लागले.

ही सरकारी मक्तेदारी मोडावी म्हणून १९९० साली प्रसार भारती कायदा झाला आणि तो १९९७ मध्ये अमलात आला. त्याआधी, १९९५ च्या फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयाने हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत न्या. पी. बी. सावंत हे आपले मराठी गृहस्थ होते. कागदावर सारे छान झाले. प्रत्यक्षात पैशासाठी हात दिल्लीपुढेच पसरलेला राहिला. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत, आणि माईकसमोरचे काम नैमित्तिक निवेदकांवर आले. महिन्याला मोजक्या पाळ्या, कायम नोकरीची आशा नाही. अशा माणसाने गावोगाव हिंडून कार्यक्रम करायचा कसा?

केंद्र कुलूप लावून बंद होत नाही, हे समजून घ्यावे. आधी स्थानिक कार्यक्रमाचा अर्धा तास जातो, मग वार्ताहर जातो, मग निर्णय घेणारा अधिकारी जातो. इमारत आणि मनोरा उभेच राहतात, आवाज मात्र दुसऱ्या गावचा येतो. आणि आवाज लांब गेला की पहिला बळी बोलीचा पडतो. धारवाडी कानडीत मराठी शब्द किती आहेत ते हल्याळच्या बाजारात कोणालाही विचारा. बंगळूरच्या निवेदकाला ती कानडी येणार नाही आणि मुंबईच्या निवेदकाला आमची सीमाभागातली मराठी येणार नाही. दुखणे दोघांचे एकच.

हे फक्त कर्नाटकात घडते असेही नाही. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्यांचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुणेकरांनी आवाज उठवला, आणि काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पुण्यासारख्या शहराची ही गत, तर आडबाजूच्या केंद्राचे कोण ऐकणार?

आणखी एक गोष्ट खेड्यांनी नीट ध्यानात घ्यावी. धारवाड केंद्राची ओळख मध्यम लहरींवरची, ७६५ किलोहर्ट्झ आणि २०० किलोवॅटचा दांडगा प्रक्षेपक. मध्यम लहर जमिनीला धरून चालते, म्हणून डोंगर-खोरी ओलांडून दूरवर पोहोचते. तिला उंच मनोरा आणि भरपूर वीज लागते, खर्च मोठा. एफएम स्वच्छ ऐकू येते, खर्चही कमी, पण तिची लहर सरळ रेषेत जाते आणि मध्ये डोंगर आला की अडते. गेल्या काही वर्षांत देशात अनेक जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद झाले आणि भर एफएमवर आला. शहराला त्यात तोटा नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाडीला आहे. मोबाईल आहे की, असे कोणी म्हणेल. पावसाळ्यात वीज चार दिवस गेली, टॉवर बंद पडला, की दोन सेलवरचा रेडिओच बोलतो, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

खासगी एफएमकडून ही उणीव भरून निघेल ही आशाही फोल आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचे बातमीपत्र आहे तसे ऐकवता येते इतकेच. म्हणजे गावच्या प्रश्नावर रोखठोक बोलणारे केंद्र हवे असेल तर आकाशवाणीच सुधारली पाहिजे, नाहीतर सामुदायिक रेडिओ काढला पाहिजे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने २००७ मध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर असे केंद्र सुरू केले. याचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण निम्मे तरी कार्यक्रम आसपासच्या लोकांच्या सहभागातून आणि त्यांच्याच बोलीत व्हावेत असा नियम आहे. महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे, नोंदणीकृत संस्था यांना अर्ज करता येतो. आमच्या सीमाभागातल्या शिक्षण संस्थांनी यावर एकदा तरी बैठक घ्यावी.

वाचकहो, भाषेचा प्रश्न आपण पाटीवर, शाळेत, सातबाऱ्यावर मांडत आलो. तो रेडिओच्या काट्यावरही आहे. सांगली, पणजी आणि धारवाड ही तिन्ही केंद्रे आपापल्या गावात बसून बोलत राहावीत ही मागणी आपण एका सुरात केली पाहिजे. आपल्या भाषेसाठी न्याय मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या बोलीसाठीही दोन शब्द बोलावेत, त्याने आपली बाजू दुबळी होत नाही, उलट बळकट होते. एक पोस्टकार्ड घ्या. कोणता कार्यक्रम ऐकता, कोणत्या गावात ऐकू येतो, कोणत्या गावात येत नाही, एवढेच लिहा आणि केंद्र संचालकांना धाडा. मराठीत लिहा, खाली कानडीत सही करा. १९३१ साली ऐकणाऱ्यांनी गिल्ला केला म्हणून रेडिओ राहिला. आज आपण गप्प बसलो, तर उद्या काटा फिरवून फिरवून बोटे दुखतील आणि आपल्या गावचे नाव एकाही केंद्रावर ऐकू येणार नाही.