चषकावर नेता, छातीवर पेठ

आमच्या कर्जत-खालापुरात निवडणुका जवळ आल्या की टेनिस क्रिकेटच्या चषकांना नेत्यांची नावं चिकटतात. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्येही हेच असणार, असं गृहीत धरून मी संपादकांना लेख कबूल केला आणि कर्जतला कोयना एक्स्प्रेस पकडली.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी नांदल्या आणि पुढे तिथलीच पोरं फुटबॉलमागे धावू लागली. म्हणून संघाचं नाव आजही ‘तालीम मंडळ’. मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल, रविवार पेठेत दिलबहार, शिवाजी पेठेत खंडोबा.

शाहू स्टेडियमवर मी रेंगाळलो ते फक्कीनं रेघा मारणाऱ्या माणसापाशी. डब्याला भोकं पाडलेली. एका लयीत हलवत तो मागे मागे सरकत होता. रेघ जराही वाकडी नाही. “पेठ कुठली, मामा?” हसला. “मैदानात हाय तवर पेठ नाय. सुटलो की हाय.”

इथल्या चषकांच्या नावांत पक्ष वाचता येतात. सतेज चषक काँग्रेसच्या सतेज पाटलांची आठवण करून देतो, अटल चषक वाजपेयींची. हजारोंनी भरणारी गॅलरी कुठल्या नेत्याला नको असेल? पण तालीम दोन्ही चषक खेळते, दोन्हींची बक्षिसं घेते आणि जर्सीवर स्वतःचंच नाव मिरवते. नेते बदलतात, पेठ बदलत नाही. माझं गृहीतक तिथंच अर्धं कोसळलं.

कौतुक इथवर. पाटाकडील-दिलबहार लढतीत पेठांची ईर्ष्या गॅलरीत मावत नाही. हुल्लडबाजी, दगडफेक, थांबलेले सामने, बंदोबस्त हे सगळं शहरानं पाहिलंय. पूर्वी डिवचणं चौकापुरतं राहायचं. आता मोबाइलच्या स्टेटसवरून रात्रभर चालतं आणि सकाळी रस्त्यावर उतरतं. गुन्हा मात्र पोराच्या नावावर नोंदवतात; पेठेवर गुन्हा नोंदवता येत नाही. त्यात जिंकण्याच्या हट्टापायी नायजेरियाचे खेळाडू आले. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. त्याच्यासारखं व्हायचं स्वप्न पाहणारं गल्लीतलं पोरगं बाकावर बसलं, तर जर्सीवरचं नाव नेमकं कुणाचं?

सामना संपला. बुटांनी रेघा पुसल्या होत्या. मामांनी डबा झटकला, काखोटीला मारला आणि ते निघाले. कुठल्या पेठेकडे वळले, ते चौकातल्या पोलिस गाडीआड दिसलं नाही.