दरवाजाच्या चौकटीवरून उडी

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार. कोयनानगरात पाऊस अजून हटलेला नव्हता. असरची नमाज पढून आम्ही घरी आलो, तर माझी सातवीतली भाची मोबाइल भांड्यांच्या फळीला टेकवून बसलेली. रेंज येत होती, जात होती. टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी चालू होती आणि त्यात आपला एक मराठी मुलगा होता. नाशिक जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरातला, फौजेत नोकरी करणारा सर्वेश कुशारे.

जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला तो पहिला भारतीय. आदल्या रविवारी पात्रता फेरीत त्याने २.२५ मीटर पार केले होते. मंगळवारी आडवी काठी २.२८ वर गेली, तेव्हा त्याचे दोन प्रयत्न फुकट गेले. उंच उडीत लागोपाठ तीनदा चुकलात की घरी जायचे. तिसऱ्या प्रयत्नात तो काठीवरून गेला. आयुष्यातली त्याची सर्वांत मोठी उडी त्याने तिथे, त्या घडीला मारली. पुढे २.३१ जमले नाही आणि तो सहावा आला.

पदक नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी फारशी चर्चाही नाही. क्रिकेटचा सराव सामना असता तर चौकात तासभर वाद झाला असता. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी २.२८ मीटर म्हणजे किती ते पाहू. आपल्या घराचा दरवाजा साधारण सात फुटांचा असतो. २.२८ म्हणजे जवळजवळ साडेसात फूट. दरवाजाच्या चौकटीच्या वर अर्धा फूट जागा धरा आणि तिथून एका पायाच्या जोरावर, कशालाही हात न लावता, पाठीवर पडत पलीकडे जायचे. भारताचा राष्ट्रीय विक्रम तेजस्विन शंकरच्या नावावर आहे, २०१८ सालचा, २.२९ मीटरचा. सर्वेश त्याच्या एका सेंटिमीटरने मागे आहे. जगाचा विक्रम क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरचा, २.४५ मीटर. १९९३ पासून तो कोणालाच मोडता आलेला नाही.

सर्वेशची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. शाळेत उंच उडीची गादी नव्हती. त्याचे क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा वगैरे भरून पडायची जागा तयार केली आणि त्यावर हा मुलगा उड्या मारायला शिकला. ही गोष्ट वाचताना गंमत वाटते, पण तिच्यात एक मोठी अडचण लपलेली आहे.

जुन्या काळी खेळाडू वाळूत पडत. त्यामुळे उडीही अशी मारत की खाली पाय किंवा हात आधी टेकतील. कात्रीसारखे पाय फिरवून मारायची उडी आपल्याकडच्या शाळांत अजून शिकवतात, ती त्यातलीच. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डिक फॉसबरी काठीकडे पाठ करून उडाला आणि २.२४ मीटरवर सुवर्ण घेऊन गेला. त्यानंतर हळूहळू सगळे जग तशीच उडी मारू लागले. पण तोपर्यंत जाड मऊ गाद्या आल्या होत्या, म्हणून ते शक्य झाले. पाठीवर, खांद्यांवर पडायचे तर खाली गादी हवीच. वाळूवर तसे पडलात तर मान मोडेल. म्हणजे ज्या शाळेत गादी नाही, तिथल्या मुलाला आजची उंच उडी शिकताच येत नाही, मग त्याच्या पायात कितीही ताकद असो. जाधव सरांनी भुसा भरला, म्हणून एक मुलगा पुढे गेला. किती मुले भुशावाचून मागे राहिली असतील, कोण मोजणार?

पुढचा रस्ता लांब होता. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळाले. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गुजरातमध्ये महाराष्ट्राकडून २.२७ मीटर आणि सुवर्ण. २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत २.२६ वर रौप्य. मग २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक, जिथे तो २.१५ च्या पुढे गेलाच नाही आणि पात्रता फेरीतच बाहेर पडला. तिशीला टेकलेला खेळाडू, इतक्या मेहनतीनंतर ऑलिंपिकला जातो आणि नेहमी सहज मारतो ती उडी त्याला जमत नाही. पुष्कळांनी तिथे खेळ सोडला असता. त्यानंतर वर्षभरातच टोकियोची ती तिसरी उडी आली.

टोकियोचे हे स्टेडियम उंच उडीच्या इतिहासात आधीच नोंदलेले आहे, आणि त्या गोष्टीत आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक माणूस आहे.

इटलीचा जियानमार्को तांबेरी १९९२ सालचा. वडील मार्को तांबेरी स्वतः उंच उडीचे खेळाडू, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला गेलेले. मुलाचा जीव बास्केटबॉलमध्ये, पण वडिलांनी ओळखले की याचे पाय उडीचे आहेत. अब्बांचा हट्ट आणि मुलाची आवड यांची ओढाताण कुठल्या घरात होत नाही? २०१६ हे तांबेरीचे वर्ष होते. घराबाहेर न पडता छताखाली होणाऱ्या इनडोअर जागतिक स्पर्धेत तो विजेता, मग युरोपचा विजेता. १५ जुलैला मोनॅकोमध्ये त्याने २.३९ मीटर मारले, इटलीचा विक्रम. तिथे थांबला असता तर? त्याने काठी २.४१ वर ठेवायला सांगितली आणि त्या प्रयत्नात उडी घेणाऱ्या पायाच्या घोट्याची शीर फाटली. रिओ ऑलिंपिक तीन आठवड्यांवर होते. ते गेले. पायाला प्लॅस्टर चढले, त्यावर त्याने ‘रोड टू टोकियो २०२०’ असे लिहून ठेवले आणि ते प्लॅस्टर जपले.

कतारचा मुताझ बर्शिम त्याच्याहून एक वर्षाने मोठा. दोहात जन्मलेला, वडील सुदानमधून आलेले आणि तेही धावपटू. धाकटा भाऊ मुअम्मर हाही उंच उडीचाच खेळाडू. २०१४ मध्ये मुताझने २.४३ मीटर मारले, म्हणजे आठ फुटांना बोटभर कमी. त्याच्याही नशिबात तेच लिहिलेले होते. २०१८ मध्ये हंगेरीत विश्वविक्रमासाठी काठी २.४६ वर लावली आणि घोटा गेला. पुढच्याच वर्षी आपल्या गावच्या, दोहाच्या मैदानावर तो पुन्हा जगज्जेता झाला.

दोघांची दोस्ती जुनी. २०१७ मध्ये पॅरिसच्या एका स्पर्धेत तांबेरी दुखापतीनंतर परतला होता आणि सपशेल हरला. तो हॉटेलच्या खोलीत दार लावून बसला. बर्शिम दारावर थाप मारत राहिला, शेवटी आत गेला आणि त्याला समजावले की घाई करू नकोस, परत आलास हेच पुष्कळ आहे. तांबेरीने स्वतः पुढे हे सांगितले आहे. एकाच पदकासाठी झगडणारा माणूस समोरच्याच्या दारात उभा राहिला. माझ्या मते या दोघांच्या कथेतली सर्वांत मोठी उडी तीच.

मग १ ऑगस्ट २०२१. करोनामुळे वर्षभर लांबलेले टोकियो ऑलिंपिक. दोघांनी २.३७ पर्यंतची प्रत्येक उंची पहिल्या फटक्यात पार केली. बेलारूसच्या नेदासेकाऊनेही २.३७ मारले, पण त्याच्या आधी चुका झाल्या होत्या म्हणून त्याला कांस्य. २.३९ वर दोघेही तीन-तीनदा चुकले. पंच जवळ आले आणि आता निर्णायक उड्या घ्यायच्या का म्हणून सांगू लागले. बर्शिमने विचारले, दोघांनाही सुवर्ण मिळू शकते का? नियमात तशी सोय आहे. दोघे राजी असतील तर. पंच ‘हो’ म्हणाले आणि तांबेरीने त्याच्या अंगावर उडीच घेतली. ते जपलेले प्लॅस्टर त्याने मैदानावर आणले होते.

आपल्याकडे तेव्हा हे दृश्य मोबाइलवर खूप फिरले आणि ‘मुस्लिम खेळाडूने ख्रिस्ती मित्राला सुवर्ण दान केले’ असा मजकूर त्यासोबत असायचा. हे खरे नाही आणि तांबेरीवर अन्याय करणारे आहे. दोघांचा हिशेब तंतोतंत सारखा होता. जे होते ते दोघांचे होते, ते दोघांनी वाटून घेतले. दुसऱ्याला कमी न दाखवताही बर्शिमचे मोठेपण शिल्लक राहते. आणि तीन वर्षांनी पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकएवेन असेच बरोबरीत आले, त्यांनी निर्णायक उड्या घ्यायचे ठरवले आणि कर जिंकला. तेही हावरे नव्हते. खेळ शेवटपर्यंत खेळावा असे त्यांना वाटले.

तांबेरी २०२३ मध्ये जगज्जेता झाला. पॅरिसला इटलीचा ध्वज घेऊन गेला, उद्घाटनाला लग्नाची अंगठी सीन नदीत पडली, मुतखड्याने आजारी पडला आणि अकरावा आला. वडिलांचे प्रशिक्षण त्याने त्याआधीच सोडले होते. आणि १४ सप्टेंबर २०२५ ला, ज्या फेरीत सर्वेश पुढे गेला, त्याच फेरीत, त्याच स्टेडियममध्ये तांबेरी २.२१ न जमल्याने बाहेर पडला. भाचीने हे पाहिले आणि म्हणाली, “मामू, तो तर चॅम्पियन होता ना?” होता. उंच उडीत काठीला नावे माहीत नसतात.

आता आपल्या घरचे. भाचीला तालुक्याच्या शालेय स्पर्धेत उंच उडीत उतरायचे आहे. माझे मेहुणे म्हणाले, “पोरीच्या जातीला हे कशाला? आणि कपड्यांचे काय?” मी म्हटले, “दुल्हाभाई, आपल्या रसूल (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण जुम्म्याला ऐकतो ना?” कपड्यांचा प्रश्नही सुटणारा आहे. बहरीनची रुकय्या अल-गस्रा डोके आणि अंग पूर्ण झाकून २०० मीटर धावत असे आणि २००६ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. उंच उडीत एकच पाहायचे की कपडा पूर्ण असला तरी अंगाबरोबर बसणारा हवा. सैल ओढणी किंवा कुर्ता काठीला लागला तरी काठी पडते आणि उडी बाद होते.

मुलगा असो वा मुलगी, राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हेही घरात माहीत असू द्या. कोणत्या स्तरावरचे पदक त्यासाठी चालते ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र राशनकार्डासारखे जपावे.

राहिला प्रश्न गादीचा. आमच्याकडे जूनपासून मैदान म्हणजे चिखल. काही वर्षी इथे पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भाचीच्या शाळेत वाळूचा खड्डा आहे, त्यात सध्या बेडूक आहेत. तोपर्यंत ती व्हरांड्यात एका पायावर पायऱ्या चढते-उतरते. भातकापणी झाली की पेंढा मिळेल. मेहुण्यांनी हेळवाकच्या ओळखीच्या शेतकऱ्याला पाच-सहा भारे ठेवायला सांगितले आहे. जुनी पोती घरात आहेत, शिवायचे काम माझ्या बहिणीने अंगावर घेतले आहे. पाठीवरची उडी मात्र त्यावर मारायची नाही, ती खरी गादी मिळाल्यावरच, असे मी भाचीकडून कबूल करून घेतले आहे.