दुष्काळांत रोख मदत कां द्यावी? दात्यांच्या माहितीसाठीं खुलासा

समितीच्या कार्यास हातभार लावणाऱ्या सद्गृहस्थांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आम्ही धान्याचीं पोतीं देण्यास तयार आहों, परंतु गरिबाच्या हातीं रोकड पैसा कशासाठीं द्यावयाचा? तो योग्य कामींच लागेल याची हमी काय?" प्रश्न रास्त आहे. ज्यानें कष्टानें द्रव्य मिळविलें त्यास त्याचा विनियोग कसा होतो हें विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून रोख मदतीमागील विचार, तिच्याविषयीं आलेला अनुभव व तिच्या मर्यादा या भागांत सांगण्याचें योजिलें आहे.

दुष्काळ धान्याचा कीं पैशाचा?

पाऊस गेला म्हणजे पीक जातें, हें सर्वांस दिसतें. परंतु पिकाबरोबर मजुरीही जाते, हें तितक्या लवकर ध्यानांत येत नाहीं. खुरपणी नाहीं, कापणी नाहीं, मळणी नाहीं. तेव्हां शेतमजुराच्या घरीं आठवडे-बाजाराच्या दिवशीं जो पैसा यावयाचा तो येत नाहीं. कुणबी अडला म्हणजे सुतार, लोहार व चांभारही अडतात. पेठेंत ज्वारीचीं पोतीं रचलेलीं असतात, पण तीं घेण्याची ऐपत मात्र गांवांतून नाहींशी झालेली असते.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीं कळली होती. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मंडळानें १८८० सालीं अहवाल दिला. अवर्षणानें शेतांतील काम बंद पडतें व मजूरवर्ग उपजीविकेस मुकतो, हें त्यांत स्पष्ट नमूद आहे. त्यावरून जे दुष्काळी कायदे तयार झाले, त्यांत कामावर येणाराची मजुरी धान्याच्या भावाशीं जोडली गेली, व जे कामास असमर्थ त्यांस फुकट मदतीची तरतूद झाली. त्याच दुष्काळांत, १८७७ सालीं, सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरी उतरवून सुमारें एक रत्तल धान्याची किंमत व वर किरकोळ नाणें इतकीच ठेविली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें तिच्याविरुद्ध जोरानें दाद मागितली. त्यावरून एक धडा घेण्याजोगा आहे: रक्कम देणें पुरेसें नाहीं, ती पोट भरण्याइतकी असली पाहिजे.

अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच विचार पुढें नेला. १९४३ सालीं बंगालांत लाखों माणसें भुकेनें मेलीं; परंतु त्या वर्षीं प्रांतांत उपलब्ध असलेलें धान्य १९४१ सालापेक्षां कमी नव्हतें, असें त्यांनीं दाखविलें. तांदुळाचा भाव चढला, मजुरी मागें राहिली, व मजूर बाजाराबाहेर फेंकला गेला. इथिओपियांतील वोलो प्रांताची कथा याहून विलक्षण आहे. १९७३ सालीं तेथें माणसें उपाशी मरत असतां त्याच प्रांतांतून कांहीं धान्य राजधानीकडे रवाना होत होतें. कारण विकत घेणारा तिकडे होता, वोलोंत नव्हता. आमच्या व्यापारी बंधूंस याचें मर्म निराळें सांगावयास नको. माल गिऱ्हाइकाच्या मागें जातो. उपाशी माणसाच्या हातीं पैसा द्या, म्हणजे तोच गिऱ्हाईक होतो.

महाराष्ट्राचा स्वतःचा दाखला

१९७२-७३ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला असे वृद्ध अद्याप गांवोगांव आहेत. पिकें अत्यंत बुडालीं असतांही त्या सालीं राज्यांत भूकबळींचा मोठा संहार झाला नाहीं. याचें मुख्य कारण दुष्काळी कामें होत. १९७३ च्या उन्हाळ्यांत नाला-बांध, पाझर-तलाव, रस्ते व खडी फोडण्याच्या कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसें होतीं. तेथें सुकडी वाटली गेली, हें लोकांच्या स्मरणांत आहे. पण मजुरी रोख मिळे, व तो पैसा जिकडे जाई तिकडे दाणागोटा येई, हें आपण विसरतों. याच अनुभवांतून पुढें रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला.

पैसा घरांत आल्यावर काय होतें?

धान्याचें पोतें एकच गरज भागवितें. कुटुंबाच्या गरजा मात्र अनेक असतात. एका घरीं धान्य महिनाभर पुरेल, पण लेंकरूं तापानें फणफणलें आहे व औषधास पैसा नाहीं. दुसऱ्या घरीं किराणा-दुकानदारानें उधारी बंद केली आहे. तिसऱ्या घरीं पेरणीस बी नाहीं. चौथ्या घरीं बैलजोडीस वैरण नाहीं, व ती पडल्या भावानें बाजारांत नेण्याची वेळ आली आहे. या चारही घरीं आपण एकेक पोतें टाकलें, तर तीन घरीं तें कमी भावानें विकून गरजेची वस्तु घ्यावी लागेल, व मधली तूट आपल्याच दानाची होईल. कोणत्या घरास काय हवें हें त्या घरच्या गृहिणीइतकें कोणतीही समिति जाणूं शकत नाहीं.

२०११ सालीं मध्यप्रदेशांत, इंदूरच्या आसपासच्या कांहीं गांवीं, 'सेवा' संस्था व युनिसेफ यांनीं हा प्रयोग केला. गांवांतील प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये व मुलामागें १०० रुपये दिले. पुढें ही रक्कम ३०० व १५० केली. लोकांनीं अन्न अधिक चांगलें खाल्लें, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बी-बियाणांत पैसा घातला, कांहींनीं कर्ज हलकें केलें. दुसऱ्याच्या बांधावर राबणारे कित्येक आपल्या तुकड्यावर अधिक राबूं लागले.

केनियांतील रारिएडा भागांत २०११ ते २०१३ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत मोबाईलद्वारां रक्कम थेट पोंचविली गेली. तेथें मासिक हप्ते मिळालेल्या घरीं पोटाची विवंचना अधिक कमी झाली; एकरकमी मिळालेल्या घरीं जनावरें व छपराचे पत्रे यांसारखी टिकाऊ वस्तु अधिक आली. यावरून वाटपाचा नियम सहज निघतो: चुलीसाठीं देणें तें दरमहा द्यावें, बैल, बियाणें किंवा छप्पर यांसाठीं देणें तें एकदम, व पेरणीपूर्वीं द्यावें.

आक्षेप व त्यांचें उत्तर

पहिला आक्षेप व्यसनाचा. गरीब माणूस पैसा दारूंत घालवील, असें म्हणतात. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनीं २०१४ सालीं निरनिराळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळें दारू-तंबाखूवरील खर्च वाढतो, असें त्यांस आढळलें नाहीं. व्यसनी माणूस श्रीमंतांतही असतो. त्याच्या एकट्यासाठीं शंभर घरांस उपाशी ठेवणें न्यायाचें नव्हे.

दुसरा आक्षेप आळसाचा. अभिजित बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनीं सहा देशांतील सात योजना तपासल्या. मदत घेणाऱ्यांनीं काम सोडल्याचा पुरावा मिळाला नाहीं. जमीनदार व बागाईतदार मंडळींनीं याची दुसरी बाजूही पाहावी. ज्या मजुराच्या घरीं चूल पेटते तो उचल घेऊन बायकापोरांसह परमुलखीं जात नाहीं; मृगाचा पाऊस पडतांच तो, व त्याची बैलजोडी, गांवांतच सांपडते.

तिसरा आक्षेप महागाईचा, व तो सर्वांत विचारार्ह आहे. केनियाच्याच सियाया परगण्यांत ६५३ गांवांचा अभ्यास झाला; त्यांत साडेदहा हजारांवर गवती छपराच्या कुटुंबांस प्रत्येकीं सुमारें १,००० डॉलर दिले गेले. बाजारभाव सरासरीनें शेंकडा एक-दशांश इतकेच वाढले. उलट दुकानदारांची उलाढाल वाढली, व दिलेल्या दर डॉलरामागें त्या परिसराच्या व्यवहारांत सुमारें अडीच डॉलरांची भर पडली. ज्यांस मदत मिळाली नव्हती त्या शेजाऱ्यांचाही फायदा झाला. परंतु मेक्सिकोंतील खेड्यांचा अनुभव असा कीं, जीं गांवें आडमार्गावर व बाजारापासून तुटलेलीं, तेथें रोख मदतीनें भाव चढण्याचा संभव अधिक. हा इशारा आम्ही मनावर घेतला पाहिजे.

रोख कोठें देऊं नये

म्हणून रोख मदत हा सर्व रोगांवरील एकच उतारा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें रस्ता तुटला, पूल वाहून गेला किंवा बाजार भरेनासा झाला, तेथें आधीं धान्यच नेलें पाहिजे. विहीर आटली असतां नोटांनीं घागर भरत नाहीं. तेथें टँकर हवा. वैरण मुलखांत मुळींच नसेल तर चारा-छावणीच हवी. कुपोषणानें खंगलेल्या बालकास डॉक्टर व पोषक आहार यांची जोड दिल्यावांचून चालणार नाहीं. आणि भाव चढत गेले तर रक्कमही चढती ठेवावी लागेल. नाहीं तर १८७७ ची चूक पुन्हा घडेल.

विलंबाची किंमत

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सोमालियाच्या दक्षिण भागांत दुष्काळाचीं चिन्हें आधींच दिसत होतीं. यादवीमुळें धान्याच्या गाड्या आंत जाऊं शकत नव्हत्या. व्यापाऱ्यांचीं दुकानें मात्र चालूं होतीं, व हवाल्यावाटे पैसा खेड्यापर्यंत पोंचूं शकत होता. तरीही पैसा भलत्या हातीं जाईल, भाव भडकतील, या शंकेंत महिने गेले. २० जुलै २०११ रोजीं दुष्काळ जाहीर झाला, त्यानंतर रोख मदत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, व व्यापाऱ्यांनीं माल आणून ती मदत सार्थ केली. परंतु २०१० ते २०१२ या काळांत तेथें अडीच लाखांवर माणसें दगावलीं, त्यांत निम्म्याहून अधिक पांच वर्षांखालील मुलें होतीं. शंका घेणें योग्य. पण शंका फिटेपर्यंत भूक थांबत नाहीं.

दात्यांस विनंति

सरकारी मदत आहे, मग आमची कशास, असें कोणी म्हणतील. २०१९ सालीं सुरू झालेल्या केंद्र-सरकारच्या योजनेंतून शेतकरी कुटुंबास वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं थेट खात्यांत मिळूं लागले, हें खरें. परंतु ती जमीनधारकांची योजना होय. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं असा शेतमजूर, बटाईनें कसणारा कुळवाडी, नवऱ्याच्या पश्चात् नांव न चढलेली विधवा, हीं तिच्या बाहेर राहतात. आणि अवर्षणाचा पहिला घाव यांच्यावरच पडतो. दात्यांचा पैसा प्रथम या घरीं जावा, शक्य तेथें तो घरच्या स्त्रीच्या हातीं पडावा, कोणास किती दिलें याची यादी चावडीवर सर्वांसमक्ष वाचली जावी व हिशेब कोणासही पाहतां यावा, असें आमचें मत आहे.

शेवटीं एकच सांगणें. विकलेली बैलजोडी पुन्हा घेण्यास जितका पैसा लागतो, त्याच्या अल्पांशानें ती वैरण घालून राखतां येते. गहाण पडलेला जमिनीचा तुकडा सोडविण्यापेक्षां तो गहाण पडूं न देणें फार स्वस्त. आपण जें द्याल तें थोडें असलें तरी चालेल, पण तें बैल बाजारांत जाण्यापूर्वीं द्यावें, ही सर्व व्यापारी, बागाईतदार व उदार गृहस्थांस आमची सविनय विनंति आहे.