रंग वाळला, पण धरला का?



गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी लग्न होते. दिवसा ऊसतोडीची घाई, म्हणून रात्री दिवे लावून भिंती रंगवून घेतल्या. रंग पुरावा म्हणून पाणीही सढळ हाताने ओतले. सकाळी भिंत कोरडी दिसली. पण पाहुणे टेकून बसले आणि उठले तेव्हा सर्वांच्या पाठी पांढऱ्या! खर्च गेला तो गेलाच, वर शोभा झाली. दोष डब्याचा की आमचा? उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडते.

रंगाच्या धंद्यात मुंबईचे नाव जुने. गिरगावात एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी १९४२ साली एशियन पेंट्स सुरू केली. पूर्वीचा तेलरंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होई. आजचा इमल्शन रंग पाण्यातला, त्याची रीत निराळी. ही विद्या दादरच्या शेजारी माटुंग्यास शिकवितात. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली काढलेली यू.डी.सी.टी. ती हीच, आज ते अभिमत विद्यापीठ आहे.

इमल्शन म्हणजे दुधासारखा प्रकार. पाण्यात चिकट पदार्थाचे असंख्य गोळे तरंगत असतात. एकेक गोळा मिलिमीटरच्या सुमारे पाच-दहा हजाराव्या भागाएवढा. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो नीट दिसत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात हवा काढून पोकळी केलेली असते, तिथे ओला रंग टिकत नाही. म्हणून नमुना एका क्षणात गोठवून पाहतात. वाळण्याच्या निरनिराळ्या वेळी असे नमुने घेतले, की सारा प्रवास उलगडतो.

आधी पाणी उडते आणि गोळे दाटीने रचले जातात. मग ते एकमेकांवर दाबून चपटे होतात, मधल्या फटी बुजतात. चित्र मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसते. शेवटी एका गोळ्यातल्या लांब रेणूसाखळ्या शेजारच्या गोळ्यात शिरतात. सुंभाचे पेड एकमेकांत पिळावेत तसे. तेव्हा कुठे अखंड पापुद्रा तयार होतो. पहिला टप्पा म्हणजे वाळणे, शेवटचा म्हणजे धरणे. धरायला पुढे कित्येक तास, कधी काही दिवस लागतात.

आमची चूक इथेच झाली. थंडीत गोळे कडक राहतात, चपटे होत नाहीत. पाणी उडाले तरी मागे उरते ती भुकटी. शिवाय पाणी जास्त घातल्याने भिंतीवर गोळेच कमी बसले.

आपल्या कारखान्यात पॅनवरचा नमुना काचपट्टीवर घेऊन दाणा तपासतात. तिथे दाणा सुटा आणि मोकळा हवा, एकमेकांना चिकटला तर तो दोष. रंगात नेमके उलटे. गोळा सुटा राहिला की काम फसले!

आणखी एक नाते सांगतो. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून ॲसेटिक ॲसिड करता येते, आणि काही इमल्शनांसाठी लागणाऱ्या व्हायनिल ॲसिटेटचा तो कच्चा माल आहे. म्हणजे भिंतीवरच्या रंगाचे मूळ आपल्या उसापर्यंतही पोचू शकते.

तरी सभासदांनी भिंतीची ओल जिरू द्यावी, उन्हाचा चढ असताना रंग द्यावा, डब्यावर लिहिले आहे तेवढेच पाणी घालावे आणि लगेच घासूनपुसून पाहू नये. आमचा पैसा गेला, आपला जाऊ नये एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.